बाळंतपणानंतरची सौंदर्यशस्त्रक्रिया : काय साधते, काय साधत नाही

बाळाचे बारसे आटोपते, सव्वा महिना सरतो, माहेरचा मुक्काम संपवून बाळंतीण आपल्या घरी परतते आणि कपाटातले जुने कपडे बाहेर निघतात. पंजाबी ड्रेसच्या शिवणी उसवल्या तरी पोटाचा घेर त्यात मावत नाही. लोकलमध्ये एखादी अनोळखी बाई आपुलकीने उठून जागा देते आणि ‘कितवा महिना?’ असे विचारते, तेव्हा बाळ पाच महिन्यांचे झालेले असते. अशा वेळी वर्तमानपत्राच्या पुरवणीतील किंवा मोबाइलच्या पडद्यावरील जाहिरात नेमकी नजरेत भरते. पोट सपाट, स्तन पूर्ववत, कंबर पहिल्यासारखी आणि हे सगळे म्हणे एकाच शस्त्रक्रियेत. या ‘पॅकेज’ला ‘मॉमी मेकओव्हर’ असे नाव दिलेले असते.

‘मॉमी मेकओव्हर’ हे कोणत्याही एका शस्त्रक्रियेचे नाव नव्हे. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेत रूढ झालेला तो विक्रीचा शब्द आहे. पोटाची त्वचा घट्ट करणे, चरबी शोषून काढणे, स्तन उचलून बांधणे अशा स्वतंत्र शस्त्रक्रियांची मोट त्याखाली बांधली जाते. प्रत्येक शस्त्रक्रियेचा हेतू वेगळा, धोके वेगळे आणि ती कोणाला उपयोगी पडेल याची उत्तरेही वेगळी आहेत. त्यामुळे ‘काय करून घ्यावे’ या प्रश्नाआधी ‘आपल्या शरीरात नेमके काय बदलले आहे’ या प्रश्नाचे उत्तर मिळवावे लागते. जाहिरातीत नेमका हाच भाग गाळलेला असतो.

पोट सुटते म्हणजे काय होते?

पोटाची भिंत ढोबळमानाने तीन थरांची असते. सर्वांत वर त्वचा, तिच्याखाली चरबी आणि त्याखाली स्नायू व त्यांचे चिवट आवरण. गर्भारपणात हे तिन्ही थर ताणले जातात. मात्र प्रसूतीनंतर ते सारख्या गतीने पूर्ववत होत नाहीत.

गर्भाशय आकसून मूळ आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात. या काळात पोट मोठे दिसणे ही तक्रार नव्हे, शरीराचा स्वाभाविक क्रम आहे. चरबीचा थर आहार, झोप, व्यायाम आणि वेळ यांनुसार कमी-जास्त होतो. त्वचेचे मात्र तसे नाही. तिच्यातील लवचीक तंतू एकदा तुटले की व्यायामाने ते सांधले जात नाहीत. जुळ्यांच्या किंवा लागोपाठच्या बाळंतपणांनंतर बेंबीखाली जी सैल घडी लोंबते, ती कितीही चालले तरी जात नाही, याचे कारण हेच.

स्नायूंच्या थरातील बदल बाहेरून दिसत नाही आणि म्हणूनच तो बहुधा ओळखला जात नाही. छातीच्या हाडापासून ओटीपोटापर्यंत पोटाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना दोन उभे स्नायू असतात. त्यांना जोडणारी मधली पांढरट, चिवट पट्टी गर्भाच्या वाढीबरोबर रुंदावते आणि दोन्ही स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. वैद्यकीय भाषेत याला ‘डायस्टॅसिस रेक्टाय’ म्हणतात. असे अंतर राहिलेली स्त्री सडपातळ असली तरी तिचे पोट पुढे आलेले दिसते, विशेषतः जेवणानंतर आणि संध्याकाळी.

हे किती जणींना होते? नॉर्वेमध्ये पहिलटकरणींच्या एका गटाची प्रसूतीनंतर वर्षभर तपासणी करण्यात आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार सहा आठवड्यांनी ६० टक्के, सहा महिन्यांनी सुमारे ४५ टक्के आणि वर्षानंतर सुमारे ३३ टक्के स्त्रियांमध्ये स्नायूंमधील अंतर कायम होते. म्हणजे सहा आठवड्यांनी ज्यांच्यात दोष दिसला, त्यांपैकी जवळपास निम्म्याजणींचा तो वर्षभरात कोणत्याही शस्त्रक्रियेविना गेला. घाई न करण्याचा सल्ला दिला जातो, त्यामागे हा हिशेब आहे.

घरच्या घरी याचा अंदाज घेता येतो. उताणे झोपून गुडघे दुमडावेत, बोटांची टोके बेंबीच्या किंचित वर आडवी ठेवावीत आणि डोके व खांदे जरासे उचलावेत. दोन्ही बाजूंचे स्नायू ताठ होतात आणि मधली फट बोटांना जाणवते. दोन बोटांपेक्षा अधिक रुंदी असेल तर डॉक्टरांकडून तपासून घेणे इष्ट. बेंबीजवळ फुगवटा येत असेल, तो दाबल्यावर आत जात असेल किंवा दुखत असेल, तर मात्र प्रकरण वेगळे. तो हर्निया असू शकतो. स्नायूंच्या फारकतीत पोटाच्या भिंतीला भोक नसते. हर्नियात असते, आणि त्यात आतडे अडकण्याचा धोका असतो. त्याचा सौंदर्याशी संबंध नाही. तो आजार आहे आणि त्यासाठी सर्जनकडेच जायला हवे.

पोटपट्टा, डिंकाचे लाडू आणि व्यायाम

मराठी घरांत बाळंतिणीचे पोट सुती लुगड्याने घट्ट बांधण्याची रीत जुनी आहे. आता त्याची जागा दुकानात मिळणाऱ्या पट्ट्याने घेतली आहे. बांधल्याने आधार मिळतो, सिझेरियनच्या टाक्यांना हिसका बसत नाही आणि उठता-बसताना बरे वाटते. मात्र पट्टा बांधून दूर गेलेले स्नायू जुळून येतात किंवा सैल त्वचा आवळली जाते, असे मानण्यास आधार नाही. पट्टा फार आवळल्यास पोटातील दाब खाली ओटीपोटावर येतो, हेही ध्यानात ठेवावे.

डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांबद्दलही थोडे बोलले पाहिजे. तूप, गूळ, सुके खोबरे यांनी भरलेला हा आहार दिवसभर शेतात किंवा जात्यावर राबणाऱ्या स्त्रीसाठी योग्य होता. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत, पंख्याखाली, तीन महिने विश्रांती घेणाऱ्या बाळंतिणीला तोच आहार त्याच प्रमाणात दिला तर वजन वाढणारच. लाडू बंद करावेत असा याचा अर्थ नाही. अळिवात लोह भरपूर असते आणि ते गमावण्यात शहाणपण नाही. दिवसाला किती, एवढाच प्रश्न आहे.

व्यायामाच्या बाबतीत एक चूक सर्रास घडते. पोट कमी करायचे म्हणून उताणे झोपून उठाबशांसारखे ‘सिटअप्स’ सुरू केले जातात. स्नायूंत फट असताना असे जोराचे व्यायाम मार्गदर्शनाविना केल्यास मधला भाग आणखी फुगून वर येतो. आधी श्वासासोबत पोटाचा खोल स्नायू आत ओढण्याचे आणि ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम, मग हळूहळू बाकीचे, हा क्रम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेणे उत्तम. वर्षभर असा प्रयत्न करूनही उरते ती सैल त्वचा आणि न जुळलेले स्नायू. शस्त्रक्रियेचे खरे कार्यक्षेत्र येथून सुरू होते.

‘टमी टक’ : शस्त्रक्रिया कशी होते

पोटाची त्वचा घट्ट करण्याच्या शस्त्रक्रियेला ‘अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी’ म्हणतात. बोलीभाषेत ‘टमी टक’. ती आधुनिक काळाचे खूळ आहे असा समज असला, तरी अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील हॉवर्ड केली यांनी लोंबणारे पोट कापून काढण्याची शस्त्रक्रिया १८९९ मध्येच नोंदवली होती. केली हे स्त्रीरोगतज्ज्ञ होते, हे लक्षणीय. पुढे १९६० च्या दशकात ब्राझीलचे इव्हो पितांगी यांनी अंतर्वस्त्राखाली लपेल असा खालचा आडवा छेद रूढ केला. आजची पद्धत बहुतांशी त्याच वळणाची आहे.

पूर्ण भूल देऊन ओटीपोटावर एका नितंबापासून दुसऱ्या नितंबापर्यंत छेद घेतला जातो. आधी सिझेरियन झाले असेल, तर त्याचा जुना व्रण बहुधा याच छेदात सामावून काढून टाकता येतो. त्वचा व चरबीचा पदर बरगड्यांपर्यंत सोडवून वर उचलतात. दूर गेलेल्या दोन्ही स्नायूंची आवरणे मध्यरेषेवर टाक्यांनी जवळ आणून शिवतात. मग पदर खाली ओढून जादा त्वचा कापतात आणि बेंबीला नव्या जागी वाट करून देतात. साठणारे पाणी वाहून जाण्यासाठी नळ्या ठेवतात. या सगळ्याला दोन ते चार तास लागतात. सैलपणा फक्त बेंबीखाली असेल तर लहान छेदाची ‘मिनी’ शस्त्रक्रिया पुरते; तिच्यात बेंबी हलवावी लागत नाही.

बेंबीखालच्या त्वचेवर पडलेल्या पांढऱ्या रेघा त्या त्वचेबरोबर निघून जातात. बेंबीच्या वरच्या किंवा मांड्यांवरच्या रेघा राहतात. आधीच्या सैल घडीच्या जागी मात्र एक लांबलचक आडवा व्रण कायमचा येतो. तो फिकट होण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. सावळ्या त्वचेत व्रण जाड होण्याची किंवा काळसर राहण्याची प्रवृत्ती अधिक असते. आपला व्रण कसा होईल याचा अंदाज हवा असेल, तर सिझेरियनच्या व्रणाकडे आणि कान टोचल्याच्या खुणेकडे पाहावे. तिथे गाठ आलेली असेल तर ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

यानंतरचे दिवस जाहिरातीत नसतात. पहिला आठवडा कंबरेत वाकूनच चालावे लागते, कारण सरळ उभे राहिल्यास टाक्यांवर ताण येतो. नळ्या सहसा आठवड्याच्या आसपास निघतात. घट्ट बसणारा खास पट्टा काही आठवडे वापरावा लागतो. ओटीपोटाची त्वचा काही महिने बधिर राहते आणि काहींच्या बाबतीत थोडा भाग कायमचा बधिर होतो. सुमारे सहा आठवडे जड वस्तू उचलता येत नाही. घरात दीड वर्षाचे मूल असेल, तर ‘जड वस्तू’ या शब्दांत तेही येते. रात्री रडणाऱ्या बाळाला कडेवर घेता न येणे, पाण्याची बादली न उचलणे, गॅसचा सिलिंडर न सरकवणे हे सहा आठवडे कोण सांभाळणार, याची व्यवस्था शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वी झालेली असावी. एकत्र कुटुंबात हे सोपे आणि नवरा-बायको दोघांच्याच घरात अवघड, असे वरकरणी दिसते. प्रत्यक्षात सासू-सासऱ्यांच्या घरात ‘हौसेसाठी केलेल्या’ शस्त्रक्रियेनंतर विश्रांती मागणेही अनेकींना जड जाते.

चरबी शोषणे म्हणजे वजन घटवणे नव्हे

‘लायपोसक्शन’ ही पद्धत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये इव्ह-जेरार्ड इलूझ यांच्या कामामुळे प्रसिद्धीस आली. १९८७ मध्ये अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी भुलीचे औषध व रक्तवाहिन्या आकसणारे औषध मिसळलेले पातळ द्रावण चरबीत भरून मग ती शोषण्याची रीत मांडली. त्यामुळे रक्तस्राव बराच कमी झाला. बारीक छिद्रांतून नळी घालून चरबी ओढून घेतली जाते.

तिच्या मर्यादा मात्र बाळंतपणानंतर विशेष जाणवतात. या पद्धतीने फक्त चरबीचा थर कमी होतो. त्वचा सैल असेल तर खालचा आधार गेल्यावर ती अधिकच लोंबते. स्नायूंची फट तशीच राहते. तिशीच्या आतील, एकाच बाळंतपणानंतर त्वचा चांगली आवळलेली आणि कंबरेच्या दोन्ही बाजूंना हट्टी चरबी राहिलेली स्त्री ही या पद्धतीची योग्य उमेदवार. वजन कमी करण्याचा मार्ग म्हणून ती स्वीकारणे ही फसगत ठरते. एका वेळी पाच लिटरपेक्षा अधिक चरबी-द्रव काढणे ही मोठी शस्त्रक्रिया मानली जाते आणि त्यासाठी रात्रभर देखरेखीची सोय असलेले रुग्णालय हवे.

धोके कोणते

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर त्वचेखाली पाणी साठणे ही सर्वांत नेहमीची गुंतागुंत. सुईने ते काढता येते. जखम उशिरा भरणे, जंतुसंसर्ग, कडेची त्वचा काळी पडून मृत होणे हेही घडते. खरी भीती पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याची असते. सौंदर्यशस्त्रक्रियांमध्ये पोटाची शस्त्रक्रिया या धोक्याच्या बाबतीत वरच्या क्रमांकावर गणली जाते आणि तिच्या जोडीला इतर शस्त्रक्रिया केल्यास, भुलीचा वेळ वाढल्यास हा धोका आणखी वाढतो. ‘एकाच भुलीत सगळे’ या सोयीची ही किंमत आहे. गर्भनिरोधक गोळ्या चालू असणे, स्थूलता, घरात कुणाला गुठळीचा आजार झालेला असणे या गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी सांगाव्यात. शस्त्रक्रियेनंतर अचानक धाप लागणे, छातीत दुखणे किंवा एकच पोटरी सुजणे, हे वाट पाहण्याचे लक्षण नव्हे.

मे २०२२ मध्ये बेंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका २१ वर्षांच्या कन्नड अभिनेत्रीचा मृत्यू झाला, तेव्हा देशभर चर्चा झाली आणि नेहमीप्रमाणे थोड्याच दिवसांत विरली. निरोगी माणसाने स्वेच्छेने करून घेतलेल्या शस्त्रक्रियेतही अतिदक्षता विभाग हाताशी असावा लागतो, एवढे तरी त्या चर्चेतून उरायला हवे होते.

सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये त्वचेचा पदर मृत होण्याचे प्रमाण बरेच अधिक असते, कारण निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून किमान चार आठवडे आधी धूम्रपान बंद करायला सांगतात. आपल्याकडे बाईला ‘सिगारेट ओढता का?’ असे विचारले तर उत्तर बहुधा ‘छे!’ असे येते आणि प्रश्न तिथेच संपतो. मिश्रीचा उल्लेख कुणी करत नाही. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे आणि तिच्यातील निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाते. महाराष्ट्रात ती लावणाऱ्या स्त्रिया केवळ खेड्यांत नाहीत. तपासणीच्या वेळी हे लपवू नये.

रक्तक्षयाचेही तसेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. बाळंतपण व स्तनपान यांनंतर हिमोग्लोबिन कमी असणे नवल नाही. ते भरून आल्याशिवाय ऐच्छिक शस्त्रक्रिया करणे गैर.

सिझेरियनबरोबरच ‘टमी टक’ का नको?

‘पोट उघडणारच आहात, तर जादा त्वचाही काढून टाका’ ही मागणी प्रसूतितज्ज्ञांना नेहमी ऐकावी लागते. याच सर्वेक्षणानुसार देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७ टक्क्यांहून अधिक होते. त्यामुळे प्रश्न थोड्याजणींचा नाही.

उत्तर ‘नको’ असेच आहे आणि त्याची कारणे साधी आहेत. त्या वेळी गर्भाशय मोठे असते, पोटाची भिंत सुजलेली व ताणलेली असते. किती त्वचा जादा आहे हे कुणालाच नेमके सांगता येत नाही. पुढील काही महिन्यांत जे आपोआप आकसले असते, ते तेव्हा कापले जाण्याची शक्यता असते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत रक्तात गुठळी होण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. त्यात दुसऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेची भर घालण्यात अर्थ नाही. शिवाय त्या बाईला बाळाला पाजायचे असते.

मग थांबावे किती? पोटासाठी प्रसूतीनंतर किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर आणि वजन काही महिने स्थिर राहिल्यावर. स्तनांसाठी अंगावर पाजणे बंद केल्यानंतर तीन ते सहा महिने. पुढे मूल हवे असेल तर ते झाल्यावरच. शस्त्रक्रियेनंतर गर्भधारणा झाली तर ती सहसा सुरळीत पार पडते, पण स्नायू व त्वचा पुन्हा ताणली जाऊन केलेला खर्च बराचसा वाया जातो.

स्तन : दोष पाजण्याचा नाही

‘अंगावर पाजले की बांधा बिघडतो’ हा समज शहरी, सुशिक्षित घरांतही घट्ट आहे. काहीजणी त्यापायी बाळाला लवकर वरच्या दुधावर आणतात. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या ब्रायन रिंकर आणि सहकाऱ्यांनी स्तनांची शस्त्रक्रिया करून घेण्यासाठी आलेल्या स्त्रियांची पाहणी केली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत स्तन ओघळण्याशी वय, वजन, गर्भारपणांची संख्या, मूळचा मोठा आकार आणि धूम्रपान यांचा संबंध आढळला. स्तनपानाचा आढळला नाही. बदल घडवते ते गर्भारपण. दुग्धग्रंथी वाढतात, त्वचा ताणते, पुढे ग्रंथी आकसतात आणि त्वचा तशीच राहते.

ओघळलेले स्तन उचलून बांधण्याच्या शस्त्रक्रियेत जादा त्वचा काढून स्तनाग्र वर घेतले जाते. सैलपणानुसार व्रण स्तनाग्राभोवती, त्याखाली उभा किंवा नांगराच्या आकाराचा होतो. आकार फार मोठा असेल तर तो कमी करता येतो. मानदुखी, खांद्यावर पट्ट्यांचे वळ, स्तनांखाली उठणारे चट्टे यांनी त्रासलेल्या स्त्रीला या शस्त्रक्रियेने खरोखर आराम पडतो. दोन्हींत स्तनाग्राची संवेदना कमी होण्याची आणि पुढील बाळाला पाजण्यात अडचण येण्याची शक्यता असते.

आकार लहान झाल्यामुळे आत सिलिकॉनची पिशवी बसवण्याचा पर्याय सुचवला जातो. असे पहिले रोपण १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथे झाले. त्यानंतरचा इतिहास वादांनी भरलेला आहे. १९९२ मध्ये अमेरिकेने सिलिकॉनच्या सौंदर्यरोपणांवर निर्बंध घातले आणि २००६ मध्ये ते उठवले. २०१० मध्ये फ्रान्समधील ‘पीआयपी’ कंपनी औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन वापरत असल्याचे उघड झाले. खरखरीत पृष्ठभागाच्या काही रोपणांचा संबंध लिम्फोमाच्या एका दुर्मीळ प्रकाराशी आढळल्याने २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने आपली तशी उत्पादने जगभरातून मागे घेतली. रोपण आयुष्यभर टिकत नाही, भोवती कडक आवरण तयार होऊ शकते आणि ते फुटले तर बाहेरून कळतेच असे नाही. अमेरिकी औषध प्रशासनाने पाच-सहा वर्षांनी पहिली व त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफीची तपासणी सुचवली आहे. हा खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकात कधी दिसत नाही.

कोणत्याही स्तनशस्त्रक्रियेपूर्वी गाठ नसल्याची खात्री करून घ्यावी. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीने मॅमोग्राफीही करावी.

चाकूविना उपाय

पोटावरच्या रेघांसाठी विकल्या जाणाऱ्या मलमांबाबत २०१२ च्या कॉक्रेन आढाव्याने निष्कर्ष काढला तो असा : अंगाला लावण्याच्या उपायांनी गर्भारपणातील रेघा टळतात याचा भक्कम पुरावा नाही. लेसर किंवा सूक्ष्म सुयांच्या उपचाराने त्या फिकट होतात, नाहीशा होत नाहीत. खोबरेल तेल लावल्याने त्वचा मऊ राहते आणि खर्चही वाचतो.

थंडावा देऊन चरबीच्या पेशी मारण्याचे उपकरण छोट्या फुगवट्यांसाठी वापरले जाते. क्वचित त्याचा उलटा परिणाम होऊन तिथलीच चरबी वाढते व टणक होते. कॅनडाची एकेकाळची प्रसिद्ध मॉडेल लिंडा इव्हान्जेलिस्टा हिने २०२१ मध्ये आपल्यावर असाच प्रसंग ओढवल्याचे जाहीर केले, तेव्हा हा परिणाम जगाला ठाऊक झाला.

योनिमार्ग ‘पूर्ववत’ करणाऱ्या लेसर उपचारांच्या जाहिरातींपासून विशेष सावध राहावे. अशा वापरासाठी ही उपकरणे सुरक्षित व परिणामकारक असल्याचे सिद्ध झालेले नाही, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये दिला होता. खोकताना-शिंकताना लघवी होणे, खाली जड वाटणे, अंग बाहेर येणे या तक्रारी लाजेपोटी वर्षानुवर्षे दडवल्या जातात आणि मग ‘सौंदर्य’ या सभ्य नावाखाली कुठल्याशा क्लिनिकमध्ये पोहोचतात. त्यांची जागा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे आहे. त्यांतील अनेक तक्रारी ओटीपोटाच्या तळाच्या व्यायामांनी, म्हणजे अमेरिकी डॉक्टर आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या पद्धतीने, कमी होतात.

बाळंतपणानंतर सतत रडू येणे, झोप उडणे, स्वतःच्या शरीराची किळस वाटणे हे उदासीनतेचे लक्षण असू शकते. ते आरशातल्या पोटामुळे आहे असे त्या स्त्रीला वाटत असते, घरच्यांनाही वाटते. अशा मनःस्थितीत शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये. आधी मानसोपचारतज्ज्ञाची भेट घ्यावी. तसेच नवऱ्याच्या किंवा नणंदेच्या शेऱ्यांमुळे आलेल्या स्त्रीला परत पाठवणारा सर्जन हा चांगला सर्जन समजावा.

कोणाकडे जावे, खर्च कोण देणार

प्लॅस्टिक सर्जरीचा प्लॅस्टिकशी संबंध नाही. घडवणे, आकार देणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले. या विषयातील तज्ज्ञाने एमबीबीएसनंतर शल्यचिकित्सेतील पदव्युत्तर शिक्षण आणि पुढे तीन वर्षांचे एम.सीएच. किंवा समकक्ष प्रशिक्षण घेतलेले असते. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पाटी पदवी दर्शवत नाही. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे व पात्रता राष्ट्रीय नोंदवहीत तपासता येते. रुग्णालयाची नोंदणी आहे का, भूलतज्ज्ञ कोण, अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे की दुसऱ्या रुग्णालयात, गुठळी होऊ नये म्हणून काय करणार, फेरशस्त्रक्रिया लागल्यास पैसे कोणी द्यायचे, हे प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. डॉक्टरांनी जाहिरात करून रुग्ण मिळवणे २००२ च्या आचारसंहितेने गैर ठरवले आहे. ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या छायाचित्रांचा पूर पाहता ती संहिता किती वाचली जाते, असा प्रश्न पडतो.

केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा देत नाही. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार हेच त्याला अपवाद. आरोग्यसेवेला वस्तू व सेवा करातून मिळणारी सूटही अशा शस्त्रक्रियेला लागू होत नाही.

स्नायूंची फारकत या दोहोंच्या सीमेवर येते. ऑस्ट्रेलियात नऊ ठिकाणी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या २१४ मातांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतर त्यांची पाठदुखी आणि नकळत लघवी होण्याची तक्रार कमी झालेली आढळली. तुलनेसाठी शस्त्रक्रिया न झालेल्यांचा गट त्यात नव्हता, त्यामुळे तिचे वजन मर्यादित आहे. तरीही ही शस्त्रक्रिया निव्वळ दिखाऊ आहे असे म्हणणे त्यानंतर अवघड झाले. भारतातील विमा कंपन्या मात्र तिला सहसा सौंदर्याच्याच रकान्यात टाकतात. सोबत हर्निया असेल तर चित्र बदलते. हर्नियाच्या दुरुस्तीचा खर्च, पॉलिसीतील प्रतीक्षाकाळ संपला असल्यास, सामान्यतः मिळतो. म्हणून फुगवटा जाणवत असेल तर सोनोग्राफी करून निदान लेखी घ्यावे, विमा कंपनीची पूर्वसंमती काढावी आणि हर्नियाच्या दुरुस्तीचे व त्वचा काढण्याचे बिल रुग्णालयाकडून वेगवेगळे मागून घ्यावे.